ब्लेड सर्व्हर चालू-बंद कसा करतात? एका छोट्या बटणामागची पूर्ण यंत्रणा

फोन हँग झाला की आपण काय करतो? पॉवर बटण दाबतो. मेन्यू आला तर ठीक, नाही आला तर बटण तसंच धरून ठेवतो, आणि शेवटी फोन एकदम काळा होऊन पुन्हा सुरू होतो. हे आपण इतक्या सवयीने करतो की यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडतात हे लक्षातच येत नाही. पहिल्या वेळी बटण फोनच्या सॉफ्टवेअरला विनंती करतं की आवरून घे आणि बंद हो. दुसऱ्या वेळी सॉफ्टवेअरला कोणी विचारतच नाही, हार्डवेअर थेट वीज तोडतं.

डेटा सेंटरमधल्या ब्लेड सर्व्हरवरही असंच एक छोटं बटण असतं आणि तेही याच दोन भाषा बोलतं. पण फोन बंद पडला तर अडचण एका माणसाची होते. ब्लेड चुकीच्या पद्धतीने बंद झाला तर त्यावर चालणारी पंधरा-वीस व्हर्च्युअल मशिन्स एका झटक्यात जातात, आणि त्यातल्या एखाद्यावर कोणाचं तरी तिकीट बुकिंग किंवा पगाराचं सॉफ्टवेअर चालू असतं. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. तुमच्यापैकी कोणाची पहिली नोकरी तिथे लागली, तर "बे नंबर पाच बंद कर" हे वाक्य कधी ना कधी कानावर पडणारच. म्हणून ही प्रक्रिया नीट समजून घेऊया.

ब्लेड सर्व्हर म्हणजे नेमकं काय?

साध्या रॅक सर्व्हरला स्वतःचा पॉवर सप्लाय, स्वतःचे फॅन, स्वतःच्या नेटवर्क केबल्स असतात. ब्लेडमध्ये हे सगळं काढून बाहेर ठेवलेलं असतं. ब्लेड म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि एक-दोन डिस्क असलेली उभी, पातळ पेटी. ती एका मोठ्या खोक्यात सरकवायची. या खोक्याला चॅसिस किंवा एन्क्लोजर म्हणतात. पॉवर सप्लाय, फॅन आणि नेटवर्क स्विच चॅसिसमध्ये असतात आणि सगळे ब्लेड ते वाटून वापरतात. प्रत्येकाचं घर वेगळं, पण मीटर आणि पाण्याची टाकी सामाईक, अशा चाळीसारखीच ही व्यवस्था.

२००१ च्या सुमारास आरएलएक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने असे सर्व्हर बाजारात आणले. पुढे २००५ मध्ये एचपीने ती कंपनी विकत घेतली. आयबीएमचा ब्लेडसेंटर २००२ चा, एचपीचा सी-७००० हा चॅसिस २००६ चा, डेलचा एम-१०००ई २००८ चा आणि सिस्कोचा यूसीएस २००९ चा. या लेखात मी मुख्य उदाहरण सी-७००० चं घेतोय, कारण त्याची रचना समजली की बाकीच्यांची समजायला वेळ लागत नाही. रॅकमध्ये १० युनिट उंचीची जागा घेणाऱ्या या खोक्यात अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड बसतात. मागे १० फॅन आणि एकूण ६ पॉवर सप्लाय असतात.

सामाईक मीटरचा मुद्दा लक्षात ठेवा. ब्लेड चालू करणं साध्या पीसीपेक्षा वेगळं का, याचं उत्तर तिथेच आहे.

'बंद' ब्लेड खरंच बंद असतो का?

नाही. आणि हीच गोष्ट नवीन माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकते.

जुने नोकिया फोन आठवतात का? बंद करून ठेवला तरी सकाळी अलार्म वाजायचा. म्हणजे स्क्रीन बंद, पण आत कोणीतरी जागं होतं. ब्लेडचंही तसंच आहे. चॅसिसमध्ये सरकवल्याबरोबर त्याला थोडीशी स्टँडबाय वीज मिळायला लागते. मुख्य प्रोसेसर आणि रॅम झोपलेले असतात, पण मदरबोर्डवर एक वेगळी छोटी चिप जागी असते. तिला म्हणतात बीएमसी. मुंबईकरांना हे नाव ऐकून खड्डे आठवतील, पण इथे त्याचा अर्थ बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. एचपी आपल्या बीएमसीला आयलो म्हणते, डेल आयड्रॅक म्हणते, सिस्कोकडे सीआयएमसी असतो.

ही चिप म्हणजे सर्व्हरच्या आतला एक वेगळा छोटा कॉम्प्युटरच. तिचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःचं सॉफ्टवेअर, स्वतःचा आयपी पत्ता. सर्व्हर बंद असतानाही तुम्ही पुण्यात बसून ऐरोलीतला ब्लेड चालू करू शकता ते हिच्यामुळे.

म्हणजे ब्लेडच्या अवस्था दोन नसून तीन आहेत. पूर्ण चालू, स्टँडबाय, आणि चॅसिसमधून बाहेर काढल्यामुळे खरोखर वीज नसलेला. एचपीच्या ब्लेडवरचा पॉवरचा दिवा हेच सांगतो. स्थिर हिरवा म्हणजे चालू, लुकलुकणारा हिरवा म्हणजे चालू होण्याच्या मार्गावर, पिवळसर म्हणजे स्टँडबाय, आणि दिवाच नाही म्हणजे वीजच पोचलेली नाही. तुम्ही 'बंद' केलेला ब्लेड पिवळा दिसत असेल तर काही बिघडलेलं नाही. ते असंच असायला हवं.

आयबीएमच्या ब्लेडसेंटरची भाषा थोडी वेगळी आहे. तिथे ब्लेड नुकताच सरकवला की हिरवा दिवा भराभर लुकलुकतो, म्हणजे आतली चिप अजून चॅसिसच्या मॅनेजमेंट मोड्यूलशी बोलतेय. तो सावकाश लुकलुकायला लागला की ब्लेड चालू व्हायला तयार. भराभर लुकलुकताना बटण दाबत बसण्यात अर्थ नाही. थांबा.

चालू करताना: बटण दाबलं, पण परवानगी?

पीसीचं बटण दाबलं की पीसी चालू होतो. ब्लेडचं बटण दाबलं की ब्लेड आधी विचारतो.

सी-७००० च्या मागच्या बाजूला ऑनबोर्ड अॅडमिनिस्ट्रेटर नावाचं मोड्यूल असतं. याला आपण ओए म्हणूया. हा अख्ख्या चॅसिसचा कारभारी. बटण दाबल्यावर ब्लेडमधला आयलो ओएकडे वीज मागतो. ओए बघतो की शिल्लक वीज पुरेशी आहे का, थंड करायला फॅन पुरेसे आहेत का, ब्लेडमध्ये लावलेली नेटवर्क किंवा स्टोरेज कार्डं चॅसिसच्या मागच्या स्विचशी जुळतात का. सगळं ठीक असेल तरच परवानगी मिळते.

इथे एक छोटं गणित करूया, कारण बरेच जण इथेच अडकतात. समजा चॅसिसमध्ये २४०० वॅटचे ६ पॉवर सप्लाय आहेत. बेरीज होते १४,४०० वॅट. पण चॅसिस एसी रिडंडंट मोडवर असेल, तर तीन सप्लाय एका लाइनवर आणि तीन दुसऱ्या लाइनवर असतात, आणि एक लाइन पूर्ण गेली तरी सगळं चालू राहिलं पाहिजे अशी अट असते. म्हणजे वाटायला उरतात ७२०० वॅट. त्याऐवजी फक्त एक सप्लाय राखीव ठेवणारा मोड लावला तर मिळतात १२,००० वॅट, पण मग आख्खी लाइन गेल्यावर वाचण्याची हमी नाही. सगळे सप्लाय हिरवे दिसतायत, तरी सोळावा ब्लेड पिवळ्यावरून पुढे जात नाही, याचं कारण बऱ्याचदा हे असतं. ब्लेड खराब नसतो, ओएने नाही म्हटलेलं असतं. अशा वेळी आधी ओएचा लॉग वाचायचा. मोड बदलून प्रश्न 'सोडवण्याचा' मोह होतो, पण तो निर्णय तुमचा नाही. तो क्लायंटशी झालेल्या कराराचा भाग असू शकतो.

परवानगी मिळाली की दिवा हिरवा होतो, फॅनचा आवाज वाढतो आणि स्क्रीनवर बराच वेळ काहीच दिसत नाही. सर्व्हरला भरपूर रॅम असते, ती तपासायला, कार्डं ओळखायला काही मिनिटं जातात. फोन वीस-तीस सेकंदांत सुरू होतो, त्यामुळे आपल्याला वाटतं हा अडकला. अडकलेला नसतो. या वेळात पुन्हा बटण दाबणं हा सगळ्यात वाईट उपाय.

आणखी एक गोष्ट. एचपीचा ब्लेड चॅसिसमध्ये सरकवल्यावर आपोआप चालू होतो, मूळ सेटिंग तसंच असतं. नको असेल तर आधीच सेटिंग बदलून ठेवावं लागतं.

बंद करताना: चार सेकंदांचा फरक

आता मुख्य भाग. ब्लेडचं बटण एकदा दाबून लगेच सोडलं, तर ऑपरेटिंग सिस्टिमला एक इशारा जातो. ही पद्धत एसीपीआय नावाच्या मानकात ठरलेली आहे आणि ते मानक १९९६ पासून आहे. तुमच्या लॅपटॉपचं बटणही याच नियमाने चालतं. इशारा मिळाला की विंडोज किंवा लिनक्स चालू प्रोग्रॅम थांबवतं, मेमरीत अडकलेला डेटा डिस्कवर लिहितं, फाइल सिस्टिम बंद करतं आणि मग स्वतःच वीज सोडतं.

तेच बटण चार सेकंदांपेक्षा जास्त धरलं, तर ऑपरेटिंग सिस्टिमला कोणी विचारत नाही. वीज जाते.

यात नुकसान कशाचं होतं? पटकन लिहिल्यासारखं वाटावं म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम डेटा आधी रॅममध्ये ठेवते आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरवते. वीज तोडली की हा मधला डेटा गेला. ईएक्सटी-४ किंवा एनटीएफएस यांसारख्या फाइल सिस्टिम जर्नल ठेवतात, त्यामुळे डिस्कची रचना सहसा मोडत नाही. पण जर्नल रचना वाचवतं, तुमची शेवटची फाइल वाचवेलच असं नाही. चांगला डेटाबेस आपल्या लॉगवरून स्वतःला सावरतो, पण तोपर्यंत वेळ जातो, आणि तेवढा वेळ सेवा बंद. "काही होत नाही, परत चालू होतो" असं म्हणणारे सीनियर तुम्हाला भेटतील. बहुतेक वेळा त्यांचं खरंही ठरतं. बहुतेक वेळा हेल्मेटशिवायसुद्धा माणूस घरी पोचतोच.

मग जबरदस्तीने बंद कधी करायचं? ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण गोठलेली असेल, नेटवर्कवरून आणि कन्सोलवरूनही काहीच उत्तर नसेल, आणि साध्या दाबण्यानंतर पुरेशी वाट पाहून झाली असेल तेव्हाच. आणि विचारून. वाट पाहणं महत्त्वाचं, कारण मोठा डेटाबेस शांतपणे बंद व्हायला दहा-पंधरा मिनिटंसुद्धा घेऊ शकतो.

दूरून करताना शब्द नीट वाचा

प्रत्यक्षात ब्लेडसमोर उभं राहून बटण दाबायची वेळ कमीच येते. बहुतेक काम ब्राउझरमधून होतं. आयलोच्या पॉवरच्या पानावर चार पर्याय दिसतात. मोमेंटरी प्रेस म्हणजे बटण एकदा दाबून सोडणं. प्रेस अँड होल्ड म्हणजे बटण धरून ठेवणं, म्हणजे जबरदस्ती. रिसेट म्हणजे वीज न तोडता झटक्यात रीस्टार्ट. कोल्ड बूट म्हणजे वीज तोडून काही सेकंदांनी पुन्हा चालू करणं. यातला फक्त पहिला सभ्य आहे. बाकीचे तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमला विचारत नाहीत, पण चारही बटणं स्क्रीनवर सारख्याच आकाराची आणि शेजारी-शेजारी. ज्याने हे पान डिझाइन केलं त्याच्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही.

ओएच्या कमांड लाइनवर याहून मोठा सापळा आहे. तिथे रीबूट सर्व्हर आणि रिसेट सर्व्हर अशा दोन वेगळ्या कमांड आहेत. ऐकायला एकच वाटतात. रीबूट म्हणजे नेहमीचा रीस्टार्ट. रिसेट मात्र त्या बेची सगळी वीज क्षणभर तोडतो, स्टँडबायसकट. हात न लावता ब्लेड बाहेर ओढून परत आत ढकलल्यासारखंच ते. आयलोच गोठला असेल तेव्हा हा उपाय कामाचा. एरवी त्याच्या वाटेला जाऊ नका. ओए आधी खात्री विचारतो, तेव्हा सवयीने होकार टाइप करण्यापूर्वी ओळ पुन्हा वाचा.

वेगवेगळ्या कंपन्यांचे सर्व्हर एकाच स्क्रिप्टमधून सांभाळायचे असतील तर आयपीएमआय हे १९९८ चं जुनं मानक आहे आणि रेडफिश हे २०१५ चं नवं. नवीन शिकणाऱ्याने रेडफिश शिकावं असं मी सुचवेन, ते वेब एपीआयसारखंच आहे. त्यात ग्रेसफुल शटडाउन आणि फोर्स ऑफ ही नावंच इतकी स्पष्ट आहेत की गैरसमजाला जागा राहत नाही.

सिस्को यूसीएसचा स्वभाव वेगळा, तो माहीत असायला हवा. तिथे प्रत्येक ब्लेडला एक सर्व्हिस प्रोफाइल जोडलेली असते आणि हा ब्लेड चालू असावा की बंद, याची नोंद यूसीएस मॅनेजर ठेवतो. त्याच्याकडे 'बंद' अशी नोंद असताना कोणी समोरचं बटण दाबून ब्लेड चालू केला, तर नोंद आणि वस्तुस्थिती जुळत नाही, आणि तो ब्लेड नंतर कधीतरी अचानक बंद पडू शकतो. म्हणून यूसीएसमध्ये बटणाला हात लावायचा नाही, मॅनेजरमधूनच बूट सर्व्हर करायचं.

बंद करण्याआधी कोणत्या गोष्टी बघायच्या?

पहिली गोष्ट, हाच तो ब्लेड आहे का? सी-७००० मध्ये समोरून बघताना वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे बे १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६. म्हणजे बे ५ च्या बरोबर खाली बे १३. पूर्ण उंचीचा ब्लेड दोन्ही ओळी व्यापतो आणि त्याला वरचा नंबर मिळतो. सोळा सारखे दिसणारे दिवे, समोर फॅनचा गोंगाट आणि फोनवर कोणीतरी "पाच की पंधरा?" विचारतंय, अशात चूक व्हायला कितीसा वेळ लागतो? यासाठीच प्रत्येक ब्लेडवर यूआयडीचा निळा दिवा असतो. दूर बसलेल्या माणसाने स्क्रीनवरून तो लावायचा आणि समोरच्याने निळा दिवा दिसणाऱ्या ब्लेडलाच हात लावायचा. हा निळा दिवा लुकलुकत असेल तर कोणीतरी दूरून त्यावर काम करतंय, कदाचित फर्मवेअर अपडेट चालू असेल. तेव्हा अजिबात हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, त्यावर काय चालू आहे? व्हीएमवेअर असेल तर आधी ब्लेड मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचा आणि त्यावरची व्हर्च्युअल मशिन्स दुसऱ्या ब्लेडवर हलवायची. व्हीमोशन वापरून ती चालू असतानाच हलतात, वापरणाऱ्याला कळतही नाही. ब्लेड रिकामा झाला की मग सभ्यपणे बंद.

तिसरी, ब्लेड बाहेर काढायचा असेल तर दिवा पिवळा झाल्याची खात्री करायची आणि मगच कडी उघडायची. काढल्यावर रिकाम्या जागी ब्लँक, म्हणजे झाकणासारखा रिकामा साचा, बसवायचा. तो नसेल तर फॅनची हवा त्या मोकळ्या जागेतून पळ काढते आणि शेजारचे ब्लेड तापतात.

अख्खं चॅसिस बंद करायचं असेल तर?

सी-७००० ला स्वतःचं मुख्य बटणच नाही. वायरी काढणं किंवा पीडीयूवरून वीज बंद करणं हाच शेवटचा टप्पा. डेलच्या एम-१०००ई वर चॅसिसचं बटण आहे. कुठल्याही कंपनीचं असो, क्रम महत्त्वाचा. आधी अॅप्लिकेशन, मग व्हर्च्युअल मशिन्स, मग ब्लेड, मग स्टोरेज, आणि सगळ्यात शेवटी नेटवर्क स्विच व चॅसिस.

चालू करताना बरोबर उलटं. लाईट गेली आणि जनरेटरनेही साथ सोडली, मग लाईट आली, अशा वेळी सगळं एकदम जागं होतं आणि खरी गंमत तिथे होते. काही ब्लेडमध्ये डिस्कच नसते, ते ऑपरेटिंग सिस्टिम स्टोरेजवरून नेटवर्कने घेतात. चॅसिसमागचे स्विच तयार व्हायला काही मिनिटं लागतात. ब्लेड आधी जागा झाला तर त्याला डिस्क सापडतच नाही आणि तो 'बूट डिव्हाइस नाही' असं म्हणत बसतो. डिस्क ठीक, ब्लेड ठीक, फक्त घाई झाली. ओएमध्ये यासाठी पॉवर डिलेचं सेटिंग आहे. आधी मागचे स्विच, मग ठरावीक सेकंदांनी ब्लेड, तेही एकेक करून. ज्यांच्याकडे हे सेट केलेलं नसतं त्यांना लाईट आल्यावर सोळाच्या सोळा ब्लेड हाताने रीस्टार्ट करावे लागतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बटण दाबूनही ब्लेड बंद होत नाही, का? बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिमने इशारा ऐकलेला नसतो, किंवा ऐकून ती अजून आवरतेय. कन्सोल उघडून बघा. "शटिंग डाउन" दिसत असेल तर थांबा.

ब्लेड बंद आहे, तरी त्याचा आयलो पिंगला उत्तर देतोय? बरोबर आहे. तो स्टँडबाय विजेवर जागा असतो.

बंद ब्लेड चालू असताना रॅम बदलता येते का? नाही. ब्लेड बाहेर काढूनच. डिस्क मात्र समोरून, ब्लेड चालू असतानाही बदलता येतात, फक्त त्या रेडमध्ये असायला हव्यात.

घरी सराव करता येईल का? चॅसिस घरी आणणं परवडलं तरी त्याचा आवाज आणि वीजबिल घरच्यांना परवडणार नाही. त्यापेक्षा लॅपटॉपवर व्हर्च्युअल बॉक्समध्ये लिनक्स टाका. तिथे मशीन बंद करताना एसीपीआय शटडाउन आणि पॉवर ऑफ असे दोन वेगळे पर्याय मिळतात. एखादी मोठी फाइल कॉपी होत असताना दोन्ही करून बघा आणि परत चालू झाल्यावर ती फाइल कुठवर पोचली ते तपासा.